जड शब्दांचं दुकान

'व्हेरी टायर्ड' म्हणू नका, 'एक्झॉस्टेड' म्हणा. 'व्हेरी फेमस' म्हणू नका, आणखी काही भारी म्हणा. रोज अशा रील्स माझ्या फोनवर येऊन आदळतात. प्रत्येकीत न बोललेलं एक वाक्य असतंच: तुझं साधं इंग्रजी ही लाजेची गोष्ट आहे आणि तिच्यावरचं औषध आमच्या कोर्समध्ये मिळेल. मला या धंद्याचा राग येतो.

कारण शब्द कधी एकटा येत नाही. आपण चहाला 'कडक' म्हणतो, पावसाला 'मुसळधार'. मुसळधार चहा कुणी पीत नाही. इंग्रजीतही चहा 'स्ट्राँग' असतो आणि पाऊस 'हेवी'. ही सोयरीक यादीत लिहिलेली नसते. यादी 'फेमस'समोर 'नोटोरियस' ठेवते आणि पुढे सरकते. मग एखादा हुशार मुलगा मुलाखतीत मोठ्या अभिमानाने आपल्या गावाला 'नोटोरियस' म्हणतो आणि एका शब्दात गाव कुप्रसिद्ध करून टाकतो. समोरचे हसतात. रील बनवणारा तेव्हा तिथे नसतो.

गंमत अशी, की ज्या परीक्षांच्या नावाने या याद्या खपल्या, त्या परीक्षाच बदलल्या. जीआरईने २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न काढून टाकले. सॅटने २०१६ मध्ये दुर्मीळ शब्दांना रजा दिली आणि उताऱ्यातल्या शब्दाच्या अर्थावर भर दिला. आपण मात्र अजून त्याच याद्या घोकतोय.

'मग शशी थरूर?' असं कुणीतरी विचारेलच. २०१७ मध्ये त्यांनी एका ट्वीटमध्ये 'फरागो' वापरला आणि लोक शब्दकोशाकडे धावले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते कादंबऱ्या लिहीत होते. त्यांच्या वाक्यात तो शब्द घरचा असतो, आपल्या वाक्यात भाड्याने आणलेल्या शेरवानीसारखा दिसतो.

मोठे शब्द शिकूच नका, असं मी म्हणत नाही. जरूर शिका. पण क्रिकेट, सिनेमा, बाईक, जे आवडतं त्यावरचं इंग्रजी वाचा. नवा शब्द भेटला की तो एकटा उतरवू नका, अख्खं वाक्य उतरवा. तोच शब्द आणखी दोन ठिकाणी भेटेपर्यंत थांबा, मग वापरा. याला वेळ लागतो, म्हणूनच हे तीस सेकंदांत विकता येत नाही.

आणि तोवर 'व्हेरी टायर्ड' बिनधास्त म्हणा. दमलेल्या माणसाचं म्हणणं समोरच्याला कळलं, की शब्दाचं काम झालं.