खड्ड्यांचा हिशेब कोणाच्या खात्यावर?

रस्त्यातील खड्ड्यामुळे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू ओढवल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या तीव्रतेनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिला. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाचा हा निकाल म्हणजे राज्यातील महापालिका, नगरपालिका आणि रस्ते सांभाळणाऱ्या अन्य यंत्रणांना बसलेली चपराक आहे. मात्र, ज्याची मोटार खड्ड्यात आदळून रिम वाकली, टायर फुटला, पण ज्याला सुदैवाने खरचटलेही नाही, त्याच्या पदरात या निकालाने काहीही टाकलेले नाही.

या प्रकरणाचा प्रवास लांबलचक आहे. न्या. गौतम पटेल यांनी २०१३ मध्ये मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रावरून न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. सुस्थितीतील रस्ता हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने २०१५ मध्ये बजावले. २०१३ ते २०१७ या काळात खड्ड्यांनी देशात १४,९२६ बळी घेतल्याची आकडेवारी पाहून सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०१८ मध्ये संताप व्यक्त केला. हक्क मान्य झाला. त्याची किंमत ठरायला मात्र आणखी दहा वर्षे लागली.

ताज्या आदेशाचे खरे बळ भरपाईच्या रकमेत नसून वसुलीत आहे. महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती दावा तपासणार, दावा दाखल झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे देणार, आणि ती रक्कम पुढे दोषी अधिकारी व कंत्राटदाराकडून वसूल होणार. विलंब झाल्यास ९ टक्के व्याज. खड्ड्याची माहिती मिळाल्यावर ४८ तासांत तो बुजवला नाही, तर तो घोर निष्काळजीपणा. आजवर दंड कोणाला झाला तरी तो अखेर करदात्याच्याच खिशातून जात असे. ती वाट बंद करण्याचा हा प्रयत्न आहे.

मोटारमालकाला मात्र जुनाच मार्ग उरतो. मुंबई महापालिकेविरुद्ध १८८८ च्या कायद्यातील कलम ५२७, तर अन्य महापालिकांविरुद्ध १९४९ च्या कायद्यातील कलम ४८७ नुसार आधी लेखी नोटीस द्यायची, महिनाभर थांबायचे आणि सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावायचा. काही हजारांच्या दुरुस्तीसाठी एवढी पायपीट कोण करणार? विम्याचा दावा केला, तर 'नो क्लेम बोनस' हातचा जातो. परिणामी नुकसान सोसले जाते आणि त्याची नोंद पालिकेच्या कोणत्याही हिशेबात होत नाही.

इंग्लंडमध्येही एकेकाळी रस्ता दुरुस्त न केल्याबद्दल स्थानिक परिषदेला जबाबदार धरता येत नसे. १९६१ च्या कायद्याने ते संरक्षण काढून घेतले. १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार रस्ता धोकादायक होता, हे वाहनमालकाने दाखवायचे. त्यानंतर नियमित तपासणी आणि वाजवी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचे ओझे परिषदेवर येते. त्यामुळे तपासणीच्या नोंदी ठेवणे ही तेथील परिषदांची आर्थिक गरज बनली. आपल्याकडे तपासणीची नोंद न ठेवणेच अधिक सोयीचे ठरते.

उच्च न्यायालयाचा आदेश महाराष्ट्राबाहेर बंधनकारक नाही. छत्तीसगडमध्ये रायपूर जिल्ह्यातील अभनपूर परिसरात रायपूर-विशाखापट्टणम मार्गासाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यात गैरव्यवहार झाल्याचे आरोप आहेत. त्यांची चौकशी २०२५ मध्ये राज्याच्या आर्थिक गुन्हे अन्वेषण यंत्रणेकडे सोपवण्यात आली. जमिनीच्या मोबदल्याला भूसंपादन कायद्याचे सूत्र आहे, म्हणून तेथे वाजवी किती आणि जादा किती हे तपासता तरी येते. रस्ता झाल्यावर त्याच्या दुरवस्थेमुळे कोणाची मोटार मोडली, तर त्या नुकसानीला असे कोणतेही सूत्र नाही.

निकाल आला तेव्हा मुंबई महापालिकेचा कारभार मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती होता. जानेवारी २०२६ मधील निवडणुकीनंतर नगरसेवक पुन्हा सभागृहात आले आहेत. किती दावे आले, किती निकाली निघाले आणि अधिकारी व कंत्राटदारांकडून किती वसुली झाली, हा हिशेब त्यांनी स्थायी समितीपुढे मागितला पाहिजे. वाहनांच्या नुकसानीचे छोटे दावेही याच समित्यांकडे सोपवावेत, अशी मागणी सरकारकडे करण्यासही त्यांना कोणी अडवलेले नाही. तसे झाल्यास खड्डा तसाच ठेवणे तो बुजवण्यापेक्षा महाग पडेल, आणि कंत्राटदाराची देयके मंजूर करणाऱ्या सभागृहाला ही भाषा नक्कीच समजते.