वळचणीचे पाणी

आम्हा मराठी शिकवणाऱ्यांना एक खोड असते. म्हण आली की तिचा अर्थ फळ्यावर लिहायचा आणि पुढे सरकायचे. ती खरी की खोटी, हे पाहायला छपरावर कोण चढतो? ‘वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही’ ही म्हण मी वर्षानुवर्षे अशीच शिकवीत आलो. २०१५ सालच्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या भावाच्या घरी वळचणीचे पाणी खरोखरच वर चढले.

भाऊ अमेरिकेत बॉस्टनजवळ राहतो. घर लाकडी, छप्पर उतरते. त्या हिवाळ्यात बॉस्टनला ११०.६ इंच, म्हणजे नऊ फुटांवर बर्फ पडला. तेथील नोंदींतला तो उच्चांक. जानेवारीअखेरच्या पहिल्या मोठ्या वादळानंतर त्याने छपराचे छायाचित्र धाडून ऐटीत लिहिले होते, “शेजाऱ्यांच्या छपरांवर बर्फ तसाच आहे, आमचा मात्र भराभर वितळतोय!” आम्ही खुटबावला बसून कौतुक केले. वळचणीला लोंबणारे बर्फाचे सुळे पाहून आई म्हणाली, “झुंबरं लावल्यावानी दिसतंय की!”

पुढे एका रविवारी त्याचा फोन आला, तो निराळाच. लेकीच्या खोलीत, पाळण्याच्या बाजूला, छतातून पाणी ठिबकत होते. बाहेर पाऊस नाही, ऊन नाही, नुसता कडाका. “दादा, वळचणीला बर्फाचा हातभर जाड बांध झालाय. शिडी लावलीय. कुऱ्हाड घेऊन चढतो आणि फोडतो.”

आईने माझ्या हातातून फोन घेतला. “आधी त्या शिडीपासनं लांब हो. अन् कुऱ्हाड ठेव खाली.”

तिच्या आवाजाला कारण होते. आमच्या दौंड तालुक्यात पाऊस बेताचा, म्हणून पूर्वी घरे धाब्याची. तुळयांवर लाकडाच्या चिपा, त्यांवर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पाणी वाहून गेले तर असे धाबे वर्षानुवर्षे टिकते. साचले तर एका रात्रीत हार खाते. म्हणून मृगाआधी धाबे झाडून पन्हळ मोकळी करायची. आमच्या घरी ते काम माझ्याकडे होते. मी सोळा वर्षांचा होतो. परीक्षा संपली होती, सुट्टी होती. कडुलिंबाचा पाचोळा उद्या झाडू, परवा झाडू, असे करता करता मृग आला. पहिल्याच मोठ्या पावसात पन्हळ तुंबली आणि धाब्यावर तळे झाले. आप्पा भर पावसात पहार घेऊन वर गेले आणि निसरड्या मातीवरून थेट अंगणात पडले. मांडीचे हाड मोडले. ते अखेरपर्यंत लंगडत चालले. पण मला त्याबद्दल एका शब्दाने कधी बोलले नाहीत.

भावाने आईचे ऐकले. त्याच्या शेजारी एक म्हातारा सुतार राहतो. तो आला, पण छपराकडे न पाहता आधी घरातल्या माळ्यावर गेला आणि खाली येऊन म्हणाला, “तुमचे छप्पर चांगले आहे. गळते आहे ती ऊब.”

प्रकार असा होता. घरातली ऊब दिव्यांच्या भोकांतून, माळ्याच्या झाकणाच्या फटीतून वर जाते आणि छप्पर तापवते. बर्फ खालच्या बाजूने वितळतो. ते पाणी वळचणीपर्यंत येते. पण वळचण भिंतीच्या बाहेर, तिच्याखाली ऊब कुठली? तेथे ते पुन्हा गोठते. थरावर थर चढून बांध होतो आणि मागून येणारे पाणी त्यामागे तुंबून वर सरकते. तिकडची डांबरी कौले माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसवलेली असतात. वाहते पाणी त्यांवरून निघून जाते, साचलेले मात्र खालून आत शिरते. शेजाऱ्यांआधी बर्फ वितळला ही जी आमची ऐट होती, तोच रोग होता!

कुऱ्हाडीने बांध फुटला असता, कौलेही फुटली असती आणि माणूस पडला असता तो वेगळाच. सुताराने तात्पुरता उपाय सांगितला. लांब पायमोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो बांधावर उभा टाकायचा, म्हणजे पाण्याला वाट होते. साधे मीठ वापरायचे नाही. त्याने पत्रा गंजतो आणि खालची झाडे जळतात. नवा बर्फ पडला की जमिनीवर उभे राहूनच, लांब दांड्याच्या ओढण्याने वळचणीकडचा तीन-चार फूट पट्टा साफ करायचा. विजेच्या तारा मात्र सांभाळायच्या. बांध काढायला पुढे वाफेचे यंत्र घेऊन कारागीर आले.

खरा उपाय हिवाळ्यापूर्वीचा. माळ्यावरच्या फटी बुजवायच्या, न्हाणीघरातली वाफ नळीने थेट घराबाहेर सोडायची. माळ्याच्या जमिनीवर काचतंतूंची किंवा जुन्या वर्तमानपत्रांच्या भुशाची जाड दुलई पसरायची. वळचणीतून गार वारा आत येऊन आढ्याशी बाहेर पडेल, अशी वाट ठेवायची. घर उबदार आणि छप्पर थंड, एवढे साधले की बर्फ आपल्या जागी पडून राहतो.

म्हण खोटी नाही. ती वाहत्या पाण्याची आहे; अडवलेल्या पाण्याला ती लागू नाही, एवढे मी आता वर्गात सांगतो.

तुमचीही मुलेबाळे बर्फाच्या मुलखात असतील, तर फराळाचा डबा धाडताना माळ्याची चौकशी जरूर करा. तिकडे हिवाळा तोंडावर येण्याचे हेच दिवस. आमची आई दर दिवाळीला चकलीच्या आधी तेच विचारते.

खुटबावचे घर आता स्लॅबचे आहे. कडुलिंब मात्र तोच. मे महिन्याच्या अखेरीस मी गावी जातो, जिन्याने वर चढतो आणि पन्हळीच्या तोंडचा पाचोळा हाताने काढतो. आई खाली अंगणात उभी राहून पाहत असते. काम झाले की म्हणते, “झालं ना? ये आता खाली.”