संगणकाशी गट्टी : बंड्याचे केस कापले!

मित्रांनो, वही-पेन्सिल घ्या. संगणक नसला तरी चालेल. पायथॉन भाषेत 'क' नावाची एक यादी केली : १०, २०. (पायथॉन ३ मध्ये अशी देवनागरी नावं खरोखर चालतात बरं का!) मग लिहिलं, ख = क. नंतर 'ख'च्या शेवटी ३० जोडले. आता 'क' छापा. काय येईल?

'१०, २०' म्हणालात ना? अहं! १०, २०, ३०!

समजा, तुमच्या वर्गातल्या अनिरुद्धला घरी सगळे बंड्या म्हणतात. न्हाव्याने बंड्याचे केस कापले, तर अनिरुद्धचे लांबच राहतील का? मुलगा एकच, नावं दोन. पायथॉनमधल्या 'ख = क'ने नवी यादी होतच नाही. जुन्याच यादीला दुसरं नाव चिकटतं.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवलेल्या सी भाषेत मात्र चल म्हणजे डबा. तिथे 'क' आणि 'ख' हे आकड्यांचे डबे असतील, तर ख = क लिहिल्यावर आकड्याची नक्कल 'ख'मध्ये जाते. मग 'ख'चं काही का होईना, 'क' आपला ढिम्म! फंक्शनलाही सी नक्कलच देते, जणू वहीची झेरॉक्स. मूळ वहीत बदल हवा, तर ती कुठे ठेवलीय तो पत्ता द्यायचा. निकलाउस व्हिर्ट यांच्या पास्कलमध्ये (१९७०) 'व्हार' लिहिलं की मूळ वही, नाही तर नक्कल. मला हा सरळपणा फार आवडतो.

जुन्या फोर्ट्रानची तर गंमतच. काही कंपायलर मूळ जागेचाच पत्ता देत. २ हा आकडा दिला आणि आत त्यात १ मिळवला, की पुढे २ लिहिलं तरी संगणक ३ धरायचा!

पायथॉनमध्ये फंक्शनला यादी दिली, की बंड्याला आणखी एक नाव मिळतं. आत यादीला काही जोडलं, तर बाहेरही दिसतं. पण आत त्या नावापुढे '=' लावून नवीच यादी दिली, तर नाव दुसऱ्या मुलाला गेलं, बंड्या सुखरूप! हा फरक नीट बघा. वर्गाचे गुण 'ख = क' असे घेऊन, 'ख'च्या प्रत्येक जागी पाच-पाच वाढवून नुसतं बघितलंत, तरी खरे गुण गेलेच. संगणक कुरकुरतसुद्धा नाही. म्हणून ख = क.कॉपी() लिहायचं, 'कॉपी' मात्र रोमन अक्षरांत.

आता गृहपाठ. यादीच्या पोटात दुसरी यादी आहे आणि बाहेरच्या यादीची कॉपी केली. पोटातल्या याद्या किती, एक की दोन? आधी कागदावर उत्तर लिहा, मगच संगणकाला विचारा.