नव्या यानाची निवड

यान म्हातारे झाले हे कबूल करावयास राष्ट्रांना वेळ लागतो. त्याच्या जागी कोणते आणावे हे ठरविण्यास त्याहून अधिक. अमेरिकेने आपले स्पेस शटल जुलै २०११ मध्ये शेवटचे उडविले. त्यानंतर मे २०२० पर्यंत, चंद्रावर माणूस उतरविणाऱ्या त्या राष्ट्राला आपले अंतराळवीर रशियाच्या सोयूझ यानात पैसे मोजून बसवावे लागले. पैसा नव्हता असे नाही, बुद्धी नव्हती असे तर नाहीच. जुने थांबविण्याची तारीख ठरली होती, नव्याचा आराखडा मात्र मध्येच बदलला गेला.

शटल देखणे होते यात शंका नाही. पंखांवर तरंगत धावपट्टीवर उतरणाऱ्या त्या यानापुढे सोयूझ म्हणजे बोजड डबाच! पण १३५ उड्डाणांत दोन शटले गेली आणि चौदा माणसे गेली. २००३ साली कोलंबियाबरोबर कर्नालची कल्पना चावलाही गेली. घन इंधनाचे बूस्टर जळत असताना त्यातील प्रवाशांना सुटकेची वाट नव्हती. सोयूझनेही १९६७ आणि १९७१ साली मिळून चार बळी घेतले. परंतु १९८३ मध्ये तळावरच अग्निबाण पेटला, २०१८ मध्ये तो आकाशात बिघडला, आणि दोन्ही वेळा आतले दोघे जिवंत परतले. सुटकेची यंत्रणा मूळ आराखड्यातच होती, म्हणून.

हा प्रश्न पनवेलजवळच्या ओव्याहून रोज मुंबईस जाणाऱ्या नोकरदारास दूरचा वाटेल. तो तितका दूर नाही. गगनयानाच्या एस-२०० बूस्टरचा एक भाग २०२० साली पवईच्या लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यातून रवाना झाला. त्याच वाहकाची विकास इंजिने विक्रोळीस गोदरेजकडे घडतात. एस-२०० हाही घन इंधनाचाच. एकदा पेटला की विझविता येत नाही. म्हणूनच तीन माणसांच्या कुपीला संकटात खेचून दूर नेणारी यंत्रणा २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्यास उडवून पाहिली गेली, याचे मोल आम्हांस कोणत्याही विक्रमाहून अधिक वाटते. २०१८ साली लाल किल्ल्यावरून जाहीर झालेली २०२२ ची मुदत टळली, याबद्दल आमची तक्रार नाही. पंचांग पाहून माणसे आकाशात पाठवावयाची नसतात. कुपी ही जुनी कल्पना म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी अमेरिकेची ड्रॅगन आणि ओरायन ही नवी याने पाहावीत. तीही कुप्याच आहेत.

आमची चिंता पुढची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ८,२४० कोटी रुपये खर्चून नवा वाहक उभारण्यास मान्यता दिली. तो तीस टन भार खालच्या कक्षेत नेईल, त्याचा पहिला टप्पा पुन्हा वापरता येईल, आणि २०३५ पर्यंत उभारावयाच्या भारतीय अंतराळ स्थानकासाठी तो लागणार आहे. पुनर्वापराची काटकसर आम्हांस नको आहे असे नाही. पण शटलही काटकसरीच्याच आशेने बांधले गेले होते, आणि ते अखेर महागच पडले! तेव्हा दोन गोष्टी शासनाने आजच लेखी ठरवाव्यात: नव्या वाहकावरील माणसांच्या सुटकेची योजना खर्चाच्या हिशेबाआधी मंजूर व्हावी, आणि त्याने माणसे नेऊन सुखरूप परत आणल्याखेरीज आजचा एलव्हीएम-३ निवृत्त करू नये.