तेलाची वाटी कोणाची?

(बी. ए. भाग २)

पहाटे पाचला परतवाड्याच्या कोणत्याही मोकळ्या मैदानावर जा. पोलीस भरतीची तयारी करणारे मुलामुलींचे घोळके धावताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. धावणे संपले की मुले एकमेकांच्या पोटऱ्या दाबतात, कुणी पालथा पडतो, कुणी त्याच्या पाठीवर पाय देऊन उभा राहतो, थट्टामस्करी चालते. आम्ही मुली बाजूला उभ्या राहून ओढण्या सारख्या करतो. आमच्या पोटऱ्यांत गोळे येत नाहीत काय? येतात. पण त्यांवर आमचा इलाज म्हणजे पिशवीतली दुखण्याची गोळी. कितीजणी ती धावण्याआधीच घेतात, हे इथे लिहिले तर मैत्रिणी रागावतील. रागावोत. घाम गाळून अंगातले पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्यांचा ताण मूत्रपिंडावर पडतो, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवेच.

मालीश म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? एक तर मोठ्या शहरातले गारेगार मसाज पार्लर, नाहीतर कटिंगच्या दुकानातली चंपी. पहिले श्रीमंतांचे, आणि जरा संशयाचेही. दुसरे म्हणे हलके काम! हे हलकेपण आपण कामावरून ठरवले नाही, करणाऱ्याच्या जातीवरून ठरवले. गंमत अशी की इंग्रजांचा ‘शाम्पू’ हा शब्द याच चंपीच्या घराण्यातला. पाटण्याचा दीन महंमद एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या ब्रायटनला गोऱ्या साहेबांची अंगे रगडीत होता, आणि १८२२ मध्ये त्याने त्या विद्येवर इंग्रजीत पुस्तकही छापले. तिथे ती विद्या ठरली, इथे मात्र हलके काम!

वऱ्हाडात ही विद्या नांदली ती तालमीत. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. १९३६ साली त्याचे खेळाडू बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तालमीतली जी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते तिची कोणी मिरवणूक काढत नाही. माझे आबाजी तालमीत जात. ते सांगत, लढत झाली की जोडीदाराने जोडीदाराला रगडायचे. आज तू मला, उद्या मी तुला. पैसा नाही, उपकार नाही. आणि रगडताना हाताला कळते की गडी कुठले दुखणे लपवतो आहे. चरकसंहितेत तेल लावण्याचे गुण सांगताना मडक्याचा, कातड्याचा आणि गाडीच्या आखाचा दाखला दिला आहे. बंडीच्या आखाला वंगण घालणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आबाजींचा एक समज मात्र मला सोडून द्यावा लागला. रगडल्याने अंगातले थकव्याचे विष निघून जाते, असे ते म्हणत. आजही अनेक शिकवणारे लॅक्टिक आम्लाचे नाव घेऊन तेच सांगतात. पण ते आम्ल तास-दीड तासात आपोआप निघून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग ठणकते ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे. चिखलदऱ्याचा घाट पायी केलेल्यांना अनुभव असेल. दम लागतो चढताना, पण मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागतो. २०१२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ तरुणांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावली, मग प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटे मालीश केले आणि दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे कण तपासले. चोळलेल्या पायात दाह वाढवणाऱ्या खुणा कमी आढळल्या. लॅक्टिक आम्लात मात्र फरक नव्हता. ते अकराही पुरुषच होते, हे जाता जाता सांगते!

म्हणजे मालीश ही जादू नव्हे. तिने कोणी जास्त वेगाने धावणार नाही. दुखणे काहीसे कमी होते, आखडलेले अंग मोकळे वाटते, एवढाच तिचा दावा. हाड मोडले असेल, ताप असेल, किंवा एकच पोटरी अचानक सुजून गरम लागत असेल तर तिला हातही लावू नये, सरळ डॉक्टर गाठावा.

आता घरातले सांगते. माझी माय वेचणीला जाते. कमरेला कापसाची ओटी बांधून दिवसभर वाकायचे आणि किलोवर मजुरी घ्यायची. संध्याकाळी ती पाटावर बसताना भिंतीला हात टेकते. परवा मी बळेच तिला पालथे झोपवले आणि कोमट तेल लावले. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “तू झाली तवा आंगाले तेल लागलं होतं. त्याच्यावर आजच.” मी एकोणीस वर्षांची आहे.

बाईच्या अंगाला तेल लागते ते जन्मल्यावर आणि बाळंतपणात. म्हणजे लेकरू असताना आणि लेकरासाठी! मधल्या साऱ्या वर्षांत तिचे अंग दुखत नाही, असे आपण धरून चाललो आहोत. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये एका लांबलेल्या कुस्तीनंतर हक्काची विश्रांती न मिळताच पुन्हा उतरावे लागले, कारण ती मागायला आपला कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. ते वाचून आपल्याला हळहळ वाटते. वेचणीच्या बाईसाठी विश्रांती मागायला कोण हजर असतो?

“मुलींनी मैदानात हे कसे करायचे?” असे काही प्राध्यापक विचारतील. मैदानात नकोच. जिमखान्याची मागची खोली आठवड्यातून दोन दिवस मुलींसाठी ठेवावी. एक सतरंजी, दोन चादरी, तेलाची बाटली. महिन्यातून एकदा एखाद्या जाणत्या बाईंनी येऊन कुठे किती दाबायचे, कुठे दाबायचे नाही, हे शिकवावे. पुढे आम्हीच एकमेकींच्या जोडीदार होऊ. मुलांनाही शिकवा, म्हणजे घरी जाऊन आईचे पाय चेपताना त्यांना लाज वाटणार नाही. या मागणीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. प्राचार्यांकडे नेण्यापूर्वी त्यावर सह्या हव्यात. वाचनालयात, मुलींच्या बाजूच्या टेबलावर तो ठेवीन. मुलांनीही यावे.