चोळी म्युनिकची, मजुरी अमेरिकेची

गेल्या वर्षी मावसबहिणीकडे पेनसिल्व्हेनियाला महिनाभर राहून आले. एका शनिवारी तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी सगळ्यांना घेऊन एका 'अस्सल जर्मन बिअर हॉल'मध्ये निघाली आणि त्यांच्याबरोबर मीही गेले. दारूच्या दुकानासमोर बाटली आडवी करायला बसणारी ही बाई तिथे काय करत होती, असं कुणीतरी मैत्रीण विचारणारच. म्हणून आधीच सांगते, मी लिंबू सरबत प्यायले आणि बघत बसले.

बघण्यासारखं खूप होतं. लाकडी लांबच लांब बाकं, छताला निळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पताका, चामडी अर्ध्या विजारी घातलेले बँडवाले. आमच्या टेबलाकडे एक पन्नाशीची बाई दोन्ही हातांत मिळून आठ मग घेऊन आली. अंगात दिर्न्डल, म्हणजे घट्ट चोळी, खोल गळ्याचा पांढरा ब्लाउज, घेरदार घागरा आणि त्यावर एप्रन. "एकदम अस्सल आहे हं!" भावजी म्हणाले. त्यांची नजर तेव्हा बँडवर नव्हती.

पुढे हातपाय धुवायच्या खोलीबाहेर ती बाई भिंतीला टेकून उभी दिसली आणि आम्ही चार शब्द बोललो. ती इक्वाडोरची. जर्मनी तिने कधी पाहिलेली नव्हती. पोशाखाचे दोन जोड तिला स्वतःच्या पैशाने घ्यावे लागले होते. मजुरी तासाला तीन डॉलरही नाही, बाकी सगळं टिपांवर.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न घोळतो आहे. ही नक्कल अस्सल आहे की नाही, हे ठरवताना आपण नेमकं काय मोजतो?

या नकलांचं मूळ घर म्हणजे म्युनिकचं होफब्रॉयहाउस. १५८९ साली बव्हेरियाच्या ड्यूकने आपल्या दरबारासाठी ती बिअरची भट्टी काढली, १८२८ मध्ये ती सामान्यांना खुली झाली, आणि आजची इमारत १८९७ ची आहे. ही बिअर कंपनी आजही बव्हेरियाच्या राज्य सरकारच्या मालकीची आहे. २००३ मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यातल्या न्यूपोर्टला याच नावाचा हॉल निघाला. २००४ मध्ये लास व्हेगासला निघालेला हॉल तर थेट म्युनिकच्या इमारतीची प्रतिकृती म्हणूनच बांधला गेला. बिअर खरंच म्युनिकहून येते का, १५१६ च्या शुद्धतेच्या नियमाप्रमाणे बनते का, बँड कुठला, सॉसेज कुठलं, याची चर्चा शौकीन मंडळी तासन्‌तास करतात. आपल्याकडे पुरणपोळीत गूळ की साखर यावर घरं फुटतात, तसंच.

पण लास व्हेगासच्या हॉलमध्ये आणखी एक गंमत प्रसिद्ध आहे. गिऱ्हाइकाने कडक दारूचा एक पेला घ्यायचा आणि वेट्रेसने लाकडी फळीने त्याच्या पार्श्वभागावर फटका मारायचा. लोक त्याचे फोटो काढून घेतात. म्युनिकच्या मूळ घरात अशी प्रथा नाही. म्हणजे नकलेत भर घालायची वेळ आली, तेव्हा भर पडली ती नेमकी बाईच्या कामात. वाढण्याच्या मजुरीत पुरुषांच्या करमणुकीचं काम फुकट जोडलं गेलं. "फटका तीच मारते ना, मग तिची सत्ता झाली," असंही मला एकाने ऐकवलं. ज्या कामाला 'नाही' म्हणता येत नाही त्याला सत्ता म्हणायचं का, हे त्याने मला सांगावं.

बरं, मूळ घरात तरी सगळं 'मूळ' आहे का?

दिर्न्डल पाहिलं की वाटतं, आल्प्सच्या डोंगरातल्या शेतकरणी हजार वर्षं हेच नेसत आल्या असणार. खेड्यातल्या मोलकरणींचा साधा कामाचा पोशाख होता हे खरं. पण आज जे मिरवलं जातं ते शहरात घडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकमध्ये मोरिट्झ आणि युलियुस वालाख या दोन ज्यू भावांचं लोकवस्त्रांचं दुकान होतं, आणि दिर्न्डल फॅशनमध्ये आणण्यात त्या दुकानाचा मोठा वाटा होता. नाझींनी १९३८ मध्ये ते दुकान हिसकावून घेतलं. हे दोघे अमेरिकेला निसटले. त्यांचा भाऊ माक्स आणि त्याची पत्नी आउशविट्झला मारले गेले. त्याच १९३८ मध्ये साल्झबुर्गच्या पोलिसांनी ज्यूंना हा पोशाख घालायलाच बंदी केली. आणि इन्सब्रुकमध्ये गेरट्रूड पेझेनडॉर्फर नावाच्या बाईंच्या हाती नाझींनी 'जर्मन पोशाखा'चं खातं दिलं. या बाईंनी बंद गळा काढून टाकला, कंबर आवळली, चर्चची छाप पुसली. आज आपल्या भावजींना जी 'हजारो वर्षांची परंपरा' दिसते, तिच्या कापात या कात्रीचाही हात आहे. आणि ती कात्री एका बाईच्या हातात होती, हेही विसरायला नको. परंपरेची पहारेकरी बाईलाच नेमायची, ही रीत आपल्याला काही नवीन नाही.

या एप्रनच्या नाडीचीही एक भाषा सांगतात. गाठ डावीकडे असेल तर बाई मोकळी, उजवीकडे असेल तर ठरलेली किंवा लग्न झालेली, मागे असेल तर विधवा किंवा वेट्रेस. विधवा आणि वेट्रेस एकाच गाठीत! मंगळसूत्र आणि कपाळ वाचत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगायला नको. पुरुषाच्या चामडी विजारीला मात्र अशी कुठली गाठ नाही.

मग बाईची ही छबी बिअरला चिकटली कधी? १८७८ मध्ये फ्रीडरिश आउगुस्ट फॉन काउलबाख या चित्रकाराने म्युनिकमधल्या कोलेटा म्योरिट्झ या तरुण वेट्रेसचं चित्र रंगवलं. हातात मगांचा घोस, पायाखाली पिंप, डोक्यावर टोपीसारखा नेमबाजीचा फळा, आणि हसरा चेहरा. १८८१ च्या नेमबाजीच्या मोठ्या उत्सवात ते चित्र झळकलं आणि ती हसरी पोरगी घरोघरी पोचली. त्याच काळात जर्मनीतल्या कितीतरी वेट्रेस पगाराशिवाय, निव्वळ टिपांवर राबत होत्या. त्या दिवाणखान्यांत राजकीय सभाही भरत, पण १९०८ पर्यंत बव्हेरियात स्त्रियांना राजकीय संघटनेचं सभासद व्हायला कायद्याने मनाई होती. सभेत मग आणून ठेवायचा, पण सभेत बसायचं नाही. चित्रात ती हसतेच आहे.

आता समुद्रापलीकडची एक गोष्ट सांगते, कारण ती मला सगळ्यात जास्त छळते. एकोणिसाव्या शतकात जर्मन माणसं लाखोंनी अमेरिकेत गेली आणि त्यांनी तिथे बिअर गार्डनं काढली. अमेरिकी दारूचे गुत्ते हे पुरुषांचे अड्डे होते. जर्मनांच्या बागेत मात्र रविवारी अख्खं कुटुंब जायचं. बायका, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, गाणंबजावणं. दुसऱ्या बाजूला डिसेंबर १८७३ मध्ये ओहायो राज्यातल्या हिल्सबरो गावच्या बायका गुत्त्यांसमोर गुडघे टेकून प्रार्थना करायला बसल्या. पगार दारूत जातो आणि मार आपल्याला बसतो, हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नव्हतं. ते लोण गावोगाव पसरलं आणि १८७४ मध्ये क्लीव्हलंडला स्त्रियांची दारूबंदी संघटना उभी राहिली. गडचिरोली-चंद्रपूरच्या बायकांची आठवण आल्यावाचून राहत नाही.

मी कुणाच्या बाजूने? दारूसमोर बसलेल्या बायकांच्या, हे उघड आहे. पण रविवारी पोराला मांडीवर घेऊन नवऱ्याशेजारी बाकावर बसलेली ती परदेशी जर्मन बाईही मला परकी वाटत नाही. सार्वजनिक जागेत बसण्याचा हक्क तिने, मर्यादित का होईना, मिळवला होता. आजच्या नकलांना अस्सल व्हायचंच होतं, तर त्या बाकाची नक्कल करता आली असती. तो वारसा खुद्द अमेरिकेतलाच होता. पण त्यांनी निवडली ती म्युनिकच्या उत्सवातली चोळी.

तिच्याबरोबर जे येऊ शकलं असतं तेही आलं नाही. जर्मनीत २०१५ पासून किमान वेतनाचा कायदा आहे, आणि टीप त्या वेतनात धरता येत नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार टिपांवरच्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. टिपा धरून ७.२५ भरले नाहीत तरच फरक द्यायचा. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. काही राज्यांनी आपला दर वाढवला, बऱ्याच राज्यांनी नाही. पोटच टिपेवर असेल तर खांद्यावर ठेवलेला हात झटकणं बाईला किती महाग पडतं, ते हिशेबाशिवायही कळतं.

म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला मी काही आदर्श म्हणत नाही. तिथे हात लावणारे, घागऱ्याखाली मोबाइल धरणारे पुरुष असतातच. असे फोटो काढणं हा जर्मनीत गुन्हा ठरला तो १ जानेवारी २०२१ पासून, तोही दोन तरुण मुलींनी सह्यांची मोहीम चालवल्यावर. पण तिथल्या तीन स्त्रीसंस्था २००३ पासून उत्सवात मुली-बायकांसाठी मदतकेंद्र चालवतात. एकट्या पडलेल्या, घाबरलेल्या बाईला बसायला जागा, बोलायला माणूस आणि सुखरूप घरी पोचवण्याची सोय. परंपरेतलं हेही आजचं आणि अस्सल आहे. कुठल्या प्रतिकृतीच्या जाहिरातीत ते मला दिसलं नाही. लाकडी बाकं जहाजातून आणता येतात, मग मदतकेंद्राची कल्पना का येऊ नये?

आपल्याकडेही या वादात काम करणारी बाई दिसेनाशी होते. २००५ मध्ये महाराष्ट्रात डान्सबार बंद केले, तेव्हा मी शाळेत होते. संस्कृती, नीती यांवर खूप बोललं गेलं, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अवैध ठरवली. एमएसडब्ल्यूच्या क्षेत्रकार्यात त्या बारमध्ये पूर्वी काम केलेल्या काही जणी मला भेटल्या. मधल्या आठ वर्षांत तुझं घर कसं चाललं, हे त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. दारू वाईट म्हणणाऱ्या आपणही त्यात आलो. दारूला विरोध करताना दारू वाढणाऱ्या बाईच्या मजुरीबद्दल बोलायला आपली जीभ अडखळते, असा माझा अनुभव आहे. माझीही अडखळायची.

त्या संध्याकाळी निघताना मावसबहिणीने भावजींनी ठेवलेल्या टिपेत आपल्या पर्समधली एक नोट गुपचूप सरकवली. ती इक्वाडोरची बाई रिकामे मग गोळा करत होती. भरलेला एक मग सव्वादोन किलोच्या पुढे असतो. दहा उचलले की तेवीस किलो. तिच्या एप्रनची गाठ उजवीकडे होती. वेट्रेसची गाठ मागे असते हे मला तेव्हा नुकतंच कळलं होतं, म्हणून मी सहज विचारलं. ती म्हणाली, "हात मागे जात नाही आता. खांदा धरलाय."