हेडफोन : उघडा की बंद?



एका वाचक भगिनीने विचारले आहे : "माझा मुलगा ध्वनिमुद्रणाचे काम शिकतो. त्याला चांगला हेडफोन घ्यायचा आहे. पाठीला जाळी असलेल्या उघड्या हेडफोनचा आवाज सर्वांत सुरेख, असे त्याचे मित्र सांगतात. आमचे घर एका खोलीचे. मिस्टरांना रात्रपाळी असते, ते दिवसा झोपतात. एवढे पैसे घालावेत का?" प्रश्न एका घरचा असला तरी उत्तर अनेकांच्या उपयोगाचे आहे, म्हणून ते सविस्तर देत आहे.

हेडफोनच्या प्रत्येक वाटीत एक पातळ पडदा असतो. तो हलला की आवाज होतो. पण हा आवाज कानाकडे जातो तसाच पाठीमागेही जातो. मागच्या आवाजाचे काय करायचे, यावर सगळा फरक आहे. उघड्या प्रकारात तो जाळीतून बाहेर निघून जातो. बंद प्रकारात पाठ पक्की असते, म्हणून तो आत कोंडतो आणि आपटून परत पडद्यावर येतो. रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलले की आवाज घुमतो ना, तसेच. हे घुमणे कमी करण्यासाठी बंद वाटीत आवाज शोषणारे साहित्य बसवावे लागते.

जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ साली 'एचडी ४१४' हा जगातील पहिला उघडा हेडफोन बाजारात आणला. तेव्हापासून या प्रकाराची कीर्ती आहे आणि ती खोटी नाही. उघड्या हेडफोनमध्ये गाणे डोक्यात कोंडल्यासारखे वाटत नाही. गाणारा एकीकडे, ढोलकी दुसरीकडे, पेटी मागे, अशा जागा सुट्या कळतात. बंद हेडफोनमध्ये ठेका जोरकस लागतो, पण सगळी मंडळी जवळजवळ बसल्यासारखी वाटतात.

महागड्या वस्तूंतही हा फरक पुरता मिटलेला नाही. याच कंपनीचा उघडा 'एचडी ८०० एस' २०१६ साली आला. तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत सुमारे १,७०० डॉलर होती. २०१८ साली त्याचाच बंद भाऊ 'एचडी ८२०' आला, तो सुमारे २,४०० डॉलरला. त्याच्या पाठीला आत वळलेली काच बसवली आहे. मागून आलेला आवाज काचेवरून वळून शोषक कप्प्यांत जावा, अशी ती योजना. एवढे करूनही अनेक परीक्षकांनी मोकळेपणात 'एचडी ८०० एस'लाच वरचा क्रमांक दिला. म्हणजे सातशे डॉलर जास्त मोजून ऐकणाऱ्याला मिळाला तो बंदिस्तपणा. मग तो कोण घेतो? ज्याला शांत जागा मिळत नाही तो.

आपल्या भगिनीच्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. उघडा हेडफोन बाहेरचा आवाज जवळजवळ अडवत नाही. कुकरची शिटी, शेजारचा टीव्ही, पंख्याची घरघर, सारे कानात येते. आणि आतले गाणे खोलीभर ऐकू जाते. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाशेजारी तो वापरणे म्हणजे त्याची झोप मोडणे. उघड्या हेडफोनच्या किमतीत शांत खोली धरलेली नसते. ती आपली आपल्याला आणावी लागते.

ध्वनिमुद्रणाच्या कामाचेही पाहा. माईकसमोर गाणाऱ्याच्या कानावर बंदच हेडफोन लागतो, नाहीतर त्यातला ठेका माईकमध्ये शिरतो. पुढे मुद्रित गाण्यातील आवाजांचा मेळ बसवताना उघडा जास्त उपयोगी पडतो. म्हणून स्टुडिओत दोन्ही ठेवतात. जर्मनीच्याच बायरडायनॅमिक कंपनीचे 'डीटी ७७०' बंद आणि 'डीटी ९९०' उघडे अशी जोडी १९८५ पासून चालत आली आहे. वर सांगितलेल्या वस्तूंच्या मानाने तिची किंमत फार कमी आहे आणि जगभर स्टुडिओंतून तिच्यावर काम होते.

आता आरामाचे. उघड्या वाटीतून हवा खेळते, कान कमी तापतो. बंद वाटीत, विशेषतः चामड्यासारखी गादी असेल तर, मुंबईच्या दमट हवेत अर्ध्या तासात घाम येतो. मखमली गादी त्यापेक्षा बरी. वजनही पाहावे. 'एचडी ८०० एस' ३३० ग्रॅमचा आहे, तर काही महागडे हेडफोन अर्ध्या किलोहून जड असतात. तासभर काम केले की मान बोलू लागते. बंद हेडफोनची आणखी एक खोड आहे. गादी कानाभोवती नीट टेकली नाही, तर ठेक्याचा खालचा आवाज निसटतो. चष्म्याची काडी, मोठे कानातले, दाट केस मध्ये आले की असे होते.

कानाच्या प्रकृतीची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बाहेर गोंगाट असला की माणूस नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे मोठ्या माणसाला चालते. पण ९० डेसिबलला तीच मर्यादा फक्त ४ तास आहे. गोंगाटी घरात उघडा हेडफोन घेतला तर आवाज चढत जाणार. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ज्याला ध्वनीवर पोट भरायचे आहे, त्याने कान गमावला तर धंदाच गेला. बंद हेडफोनचीही एक काळजी आहे. रस्त्यावर किंवा रेल्वेचे रूळ ओलांडताना तो कधीही कानावर असू नये.

तेव्हा माझे उत्तर असे. पहिला हेडफोन बंद घ्यावा, आणि साधा पण टिकाऊ घ्यावा. तो हलक्या प्रतीचा असे मुलाने मानू नये. त्याच्या खोलीला आणि त्याच्या कामाला तोच योग्य आहे. पुढे कमाई सुरू झाली आणि शांत जागा मिळाली की उघडा घ्यावा.

दुकानात जाताना चष्मा घालून जावे. तोंडपाठ असलेले एक गाणे बरोबर न्यावे. वीस मिनिटे हेडफोन कानावर ठेवावा. दोन हेडफोन ताडताना दोहोंचा आवाज सारखाच ठेवावा, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. वाट्या तळहाताने हलकेच दाबून पाहाव्यात. ठेका एकदम वाढला तर गादी नीट टेकत नाही असे समजावे. डब्यावर ओहमचा आकडाही वाचावा. २५० किंवा ३०० ओहमचा हेडफोन साध्या मोबाइलवर मंद वाजतो आणि निराळ्या ॲम्प्लिफायरचा खर्च अंगावर येतो. 'डीटी ७७०' ३२ आणि ८० ओहमचाही मिळतो.

आणि भगिनी, दुकानात एकदा तुम्ही स्वतः मुलाच्या शेजारी हातभर अंतरावर उभ्या राहा. त्याच्या कानातले गाणे तुम्हाला ऐकू आले, तर मिस्टरांना झोपेतही ते ऐकू येणार आहे.